फ्लॉपी उघडत नाही, मग बिघाड नेमका कुठे?

‘फ्लॉपी गेली का हो?’ जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांना हा प्रश्न अजूनही ऐकावा लागतो. माळ्यावरच्या खोक्यातून फ्लॉपी निघालेली असते, लेबलावर बॉलपेननं ‘सोसायटी हिशेब ९८’ किंवा ‘लग्नपत्रिका फायनल’ असं लिहिलेलं असतं. ती ड्राइव्हमध्ये सरकवली की दिवा लागतो, घरघर होते आणि पडद्यावर एक इंग्रजी वाक्य उमटतं. त्या वाक्याचा अर्थ बहुतेक जण एकच लावतात: फ्लॉपी खराब झाली, टाकून द्या.

ही घाई नडते. फ्लॉपी वाचली जात नसेल तर दोष चार ठिकाणी असू शकतो. खुद्द फ्लॉपीत, ड्राइव्हमध्ये, ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणाऱ्या केबलमध्ये किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये. यातली तीन ठिकाणं दुरुस्त करता येतात, बदलता येतात. फ्लॉपीवरच्या मजकुराला मात्र बदली नाही. म्हणून तपासणी दुसऱ्या टोकाकडून सुरू करायची. आधी सेटिंग, मग केबल, मग ड्राइव्ह आणि या तिन्हींची खात्री पटल्यावर सगळ्यात शेवटी ती मोलाची फ्लॉपी. तोवरचे सगळे प्रयोग एखाद्या रिकाम्या, गेली तरी चालेल अशा फ्लॉपीवर करायचे.

हा विषय फक्त आठवणींचा नाही. सरकारी कामासाठी फ्लॉपी किंवा सीडी सक्तीची करणारे नियम जपाननं २०२४ साली काढून टाकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची नियंत्रण यंत्रणा त्या वर्षीही रोज सव्वापाच इंची फ्लॉपीवरून सुरू होत होती. जुन्या सीएनसी यंत्रांना आणि भरतकामाच्या यंत्रांना आजही काही ठिकाणी फ्लॉपीतूनच काम पुरवावं लागतं. तिथे ड्राइव्ह बंद पडला की यंत्र थांबतं.

१. ड्राइव्हच्या आत काय चालतं?

फ्लॉपीच्या कडक किंवा लवचीक आवरणात प्लास्टिकची पातळ चकती असते. तिच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय पदार्थाचा लेप असतो. साडेतीन इंची फ्लॉपीत ही चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५. वाचणारी दोन हेड, एक वर आणि एक खाली, चकतीला प्रत्यक्ष टेकलेली असतात. हार्ड डिस्कमध्ये हेड पृष्ठभागाच्या किंचित वर तरंगतं, इथे ते घासतं. पुढच्या अनेक गोष्टी या एका फरकातून निघतात, तेवढा तो लक्षात ठेवावा.

मजकूर एकाभोवती एक अशा वर्तुळाकार ट्रॅकांवर लिहिलेला असतो आणि प्रत्येक ट्रॅकचे तुकडे, म्हणजे सेक्टर, पाडलेले असतात. नेहमीच्या फ्लॉपीचा हिशेब सोपा आहे: ८० ट्रॅक, २ बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट येतात. १.४४ एमबी म्हणतात ती फ्लॉपी हीच.

आता यातली कळीची गोष्ट. कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची सगळी नोंद पहिल्या ३३ सेक्टरांत असते. एक सुरुवातीचा सेक्टर, वाटपाच्या तक्त्याच्या दोन प्रतींचे १८ आणि फाइलींच्या यादीचे १४. चकतीच्या सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर दोन्ही बाजू मिळून ३६ सेक्टर मावतात. म्हणजे संपूर्ण अनुक्रमणिका त्या एका बाहेरच्या कड्यात बसलेली असते. तिथे एक ओरखडा पडला तर उरलेले ७९ ट्रॅक धडधाकट असूनही कॉम्प्युटर म्हणतो, ही फ्लॉपी फॉरमॅटच केलेली नाही.

२. पडद्यावरचं वाक्य काय सांगतं?

विंडोज अशा वेळी विचारतं की डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का? या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर द्यायचं. ‘हो’ म्हटलं तर जे वाचवता आलं असतं तेही जातं. हा धोका आधीच टाळता येतो. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकणारी छोटी पट्टी असते. ती सरकवून भोक उघडं केलं की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर काही लिहीत नाही. सव्वापाच इंचीला याच्या बरोबर उलट आहे. तिथे कडेची खाच चिकटपट्टीनं झाकली की लिहिणं बंद होतं. जुनी फ्लॉपी हातात आल्यावर पहिलं काम हेच.

डॉसचे संदेशही बरंच काही सांगून जातात. ‘नॉट रेडी’ आलं तर फ्लॉपी नीट बसलेली नाही, फिरत नाही किंवा ड्राइव्हला ती आत असल्याचं कळत नाही. ‘जनरल फेल्युअर’ म्हणजे फिरते आहे, पण वर काय लिहिलंय याचा मेळ लागत नाही. ‘सेक्टर नॉट फाउंड’ त्या मानानं आशेचा, कारण यात बहुतेक वेळा बाकीचा भाग वाचला जात असतो. कॉम्प्युटर चालू करतानाच ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. आदल्या दिवशी कुणीतरी ड्राइव्हमध्ये साधी फ्लॉपी विसरलेलं असतं, ती काढून कुठलीही की दाबायची.

‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ या तिघांत ‘रिट्राय’ दाबत बसण्याची सवय फार जुनी आहे. डॉस स्वतः काही वेळा प्रयत्न करून हरल्यावरच हा प्रश्न विचारतं. त्यावर दोनतीनदा दाबून पाहणं ठीक. पंचवीस वेळा दाबणं म्हणजे दुखऱ्या जागेवर हेड पंचवीस वेळा घासणं.

३. दिवा विझतच नाही

ड्राइव्हचा दिवा कॉम्प्युटर चालू केल्यापासून अखंड जळत असेल, तर केबल उलटी बसली आहे असं जवळजवळ खात्रीनं समजावं. फ्लॉपीची चपटी केबल ३४ तारांची असते आणि तिच्या एका कडेला लाल रेघ असते. ती रेघ ड्राइव्हच्या आणि मदरबोर्डच्या १ क्रमांकाच्या पिनेकडे यायला हवी. उलट्या जोडणीत ड्राइव्हचे इशारे एकदम चालू स्थितीत जातात आणि त्यात ‘लिही’ हा इशाराही असतो. म्हणून असा जळता दिवा दिसत असताना चांगली फ्लॉपी आत घालू नये. तिचा मजकूर पुसला जाऊ शकतो.

याच केबलमध्ये एके ठिकाणी ७ तारांना पीळ दिलेला दिसतो. कुणीतरी ओढाताण केली असावी असं वाटतं, पण तो पीळ मुद्दाम आहे. पिळानंतरच्या टोकाला जोडलेला ड्राइव्ह ‘ए’ होतो, पिळाच्या आधी जोडलेला ‘बी’. एकच ड्राइव्ह असेल आणि तो मधल्या कनेक्टरला लावला असेल, तर कॉम्प्युटर ‘ए’ शोधत राहतो आणि सापडत नाही म्हणून तक्रार करतो.

विजेच्या चार पिनांच्या छोट्या प्लगबाबत जपावं. तो जोर लावून उलटा बसवता येतो आणि मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन ड्राइव्ह जळतो. केबलचं कुठलंही काम कॉम्प्युटर बंद करून, भिंतीतला प्लग काढूनच करायचं.

सेटिंगचा भाग थोडक्यात. बरीच वर्षं बंद राहिलेल्या कॉम्प्युटरमधला नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि बायोस आपलं सेटिंग विसरतो. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी ‘नन’ किंवा भलत्याच आकाराचा ड्राइव्ह नोंदलेला दिसतो. सेल बदलून ‘१.४४ एमबी, साडेतीन इंची’ निवडलं की काही वेळा सगळं दुखणं तिथेच संपतं.

४. फ्लॉपी बदलली, तरी यादी जुनीच

हा बिघाड सगळ्यांत फसवा, कारण यात काही बिघडलंय असं वाटतच नाही. पहिली फ्लॉपी घातली, यादी दिसली. ती काढून दुसरी घातली, पुन्हा यादी मागितली, तर पहिल्याच फ्लॉपीतल्या फाइलींची नावं दिसतात. माणूस गोंधळतो, लेबलं अदलाबदल झाली असतील म्हणतो आणि पुढे जातो.

झालेलं असतं ते असं. फ्लॉपी बाहेर काढली की ड्राइव्हनं ३४ क्रमांकाच्या तारेवरून ‘डिस्क बदलली’ असा इशारा द्यायचा असतो. तो मिळाला की कॉम्प्युटर आधीची यादी विसरून नवी वाचतो. ती तार तुटली, केबलचा कनेक्टर सैल झाला किंवा ड्राइव्हमधलं हा इशारा देणारं छोटं बटण धुळीनं अडकलं, तर इशारा पोचत नाही. कॉम्प्युटर समजतो की फ्लॉपी तीच आहे आणि स्मरणात ठेवलेली जुनी यादी पुन्हा दाखवतो.

नुसती चुकीची यादी दिसल्यानं फार नुकसान नाही. पण या अवस्थेत दुसऱ्या फ्लॉपीवर एखादी फाइल साठवली, तर कॉम्प्युटर पहिल्या फ्लॉपीचा वाटपाचा तक्ता दुसरीवर लिहून मोकळा होतो. दुसऱ्या फ्लॉपीतल्या फाइली तिथेच असतात, पण त्यांच्या पत्त्यांच्या जागी परक्या फाइलींचे पत्ते बसतात. एका साठवणीत पूर्ण फ्लॉपीचा विचका होतो आणि दोष मात्र फ्लॉपीवर येतो.

परीक्षा सोपी आहे. वेगवेगळ्या फाइली असलेल्या दोन बिनमहत्त्वाच्या फ्लॉप्या, लिहिणं बंद करून, एकामागून एक घालायच्या आणि दोन्ही वेळा यादी मागवायची. यादी बदलली नाही तर आधी केबल बदलावी. तेवढ्यानं भागलं नाही तर ड्राइव्ह. डॉसमध्ये फ्लॉपी बदलल्यावर कंट्रोल आणि सी दाबून तात्पुरतं काम चालवता येतं, पण तो उपाय नव्हे.

५. इथे उघडते, तिथे उघडत नाही

घरच्या कॉम्प्युटरवर उघडणारी फ्लॉपी डीटीपीवाल्याकडे उघडत नाही. नव्वदच्या दशकात छापखान्यात फ्लॉपी घेऊन गेलेल्या बहुतेकांनी हा अनुभव घेतला आहे आणि दोन्हीकडचे लोक आपापला ड्राइव्ह चांगला असल्याचं शपथेवर सांगत. दोघंही खरं बोलत असू शकतात.

साडेतीन इंची फ्लॉपीत एका इंचात १३५ ट्रॅक बसतात, म्हणजे दोन ट्रॅकांमधलं अंतर सुमारे ०.१९ मिलिमीटर. इतक्या बारीक जागेत हेडला नेमकं बसायचं असतं, पण आपण ट्रॅकच्या मधोमध आहोत की नाही हे तपासण्याची सोय फ्लॉपी ड्राइव्हमध्ये नसते. हेड सर्वांत बाहेरच्या ट्रॅकपासून पावलं मोजतं आणि त्या मोजणीवर विश्वास ठेवतं. ड्राइव्हला धक्का बसून किंवा स्क्रू ढिला होऊन हेडची बैठक जराशी सरकली, तर सगळे ट्रॅक तेवढेच सरकून लिहिले जातात. तोच ड्राइव्ह ते बिनचूक वाचतो, कारण त्याचं वाचणंही तितकंच सरकलेलं असतं. दुसऱ्या ड्राइव्हला मात्र तो मजकूर कडेला पडलेला दिसतो.

यातून निघणारा सल्ला पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो. जिथे फ्लॉपी लिहिली गेली तो कॉम्प्युटर अजून घरात असेल, तर त्याच्या ड्राइव्हची बैठक सुधारायला जाऊ नये. त्याच वाकड्या ड्राइव्हवर आधी सगळ्या फ्लॉप्या वाचून घ्याव्यात.

सव्वापाच इंची फ्लॉपीत गुंतागुंत आणखी एक पायरी वाढते. सुरुवातीच्या ३६० केबी ड्राइव्हमध्ये ४० ट्रॅक होते, तर १९८४ साली आयबीएमच्या पीसी-एटीबरोबर आलेल्या १.२ एमबी ड्राइव्हमध्ये ८०. जागा तेवढीच आणि ट्रॅक दुप्पट, त्यामुळे नव्या ड्राइव्हचं हेड जवळपास निम्म्या रुंदीचं. पाटीवर जाड खडूनं रेघ मारावी, मग बारीक बोळ्यानं फक्त तिचा मधला भाग पुसून तिथे पातळ पेन्सिलीनं काही लिहावं, तसं इथे होतं. पातळ हेडला नवं लिहिलेलं स्पष्ट वाचता येतं. जुन्या रुंद हेडला मात्र नवं आणि दोन्ही कडांना उरलेलं जुनं एकदमच ऐकू येतं आणि काहीच कळत नाही. म्हणून ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबी ड्राइव्हमध्ये वाचावी, पण तिथे तिच्यावर लिहून पुन्हा जुन्या ड्राइव्हकडे नेऊ नये.

त्या जुन्या ड्राइव्हांत वेगाचीही भानगड असे. पहिल्या आयबीएम पीसीच्या काळातले अनेक ड्राइव्ह रबरी पट्ट्यावर चालत. पट्टा सैल झाला की वेग चुकतो. हा वेग मोजायची युक्ती ड्राइव्हच्याच पोटात दिलेली असते. ड्राइव्ह उलटा केला की खालच्या चाकावर काळ्या रेघांची दोन वर्तुळं दिसतात. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते. चाक सेकंदाला ५ फेरे घेतं. १०० भागिले ५ म्हणजे २०, आणि एका वर्तुळात २० रेघा असतात. त्या ट्यूबखाली चाक फिरताना या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या तर वेग बरोबर. फिरण्याच्या दिशेनं पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. सर्किटवरचा छोटा स्क्रू किंचित फिरवून तो जुळवता येतो. दुसऱ्या वर्तुळात २४ रेघा असतात, त्या अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी. एलईडी दिव्याखाली ही युक्ती चालेलच असं नाही, जुनी ट्यूबच शोधावी.

६. बुरशी

मुंबई, कोकण, गोवा. या पट्ट्यातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या फ्लॉपीवर बुरशी धरते. साडेतीन इंची फ्लॉपीची धातूची झडप बोटानं बाजूला सारून, मधला धातूचा भाग हळूहळू फिरवत, चकती उजेडात तिरपी धरून पाहावी. निरोगी चकती एकसारखी चकचकीत काळपट तपकिरी दिसते. पांढुरके ठिपके, धुरकट डाग किंवा जाळी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही.

कारण ते घासणारं हेड. बुरशी हेडला चिकटते, हेड त्या कणांसकट चकतीवर फिरतं आणि लेप खरवडून निघतो. पारदर्शक गोल रेघ दिसली तर समजावं की त्या ट्रॅकवरचा मजकूर कायमचा गेला. वाईट म्हणजे तेच मळकं हेड नंतर घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीला ओरखडत जातं. एका बुरशीच्या फ्लॉपीनं खोक्यातल्या उरलेल्या सगळ्यांचा बळी जाऊ शकतो. आत घातल्यावर किरकिर किंवा चीं असा आवाज आला तर क्षणाचाही विचार न करता बाहेर काढावी आणि हेड साफ केल्याशिवाय दुसरी घालू नये.

हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा बोळा पुरतो. वरचं हेड नाजूक पत्तीवर असतं, ते उचलून धरलं तर कायमचं वाकडं होतं. बोळा कडेनं अलगद सरकवावा. चकतीवरची बुरशी काढायची झाली तर त्याच अल्कोहोलनं ओलसर केलेला बोळा हलक्या हातानं फिरवावा, पूर्ण वाळू द्यावी आणि मगच, तेही स्वस्तातल्या ड्राइव्हमध्ये, एकदाच वाचायचा प्रयत्न करावा.

७. झिप ड्राइव्हची टिकटिक

फ्लॉपी अपुरी पडू लागली तेव्हा आयोमेगा कंपनीचा झिप ड्राइव्ह १९९५ मध्ये बाजारात आला. एका डिस्कवर १०० एमबी, म्हणजे सुमारे सत्तर फ्लॉप्यांचा ऐवज. मोठमोठ्या फाइली नेणाऱ्या डीटीपी आणि छपाईच्या धंद्याला तो सोयीचा होता.

त्याचा बिघाड कानाला कळतो: टक, टक, टक. हेडला जागा सापडत नाही, ते मागे जातं, पुन्हा येतं. अमेरिकेत हा आवाज ‘क्लिक ऑफ डेथ’ म्हणून कुप्रसिद्ध झाला आणि १९९८ साली ग्राहकांनी कंपनीवर सामूहिक दावा लावला. धोका संसर्गाचा होता. हेड बिघडलेला ड्राइव्ह डिस्कची कड फाडू शकतो आणि ती फाटकी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हचं हेड मोडू शकते. डिस्क उघडत नाही म्हणून ती चांगल्या ड्राइव्हमध्ये घालून बघणं ही इथे सर्वांत महागडी चूक. टिकटिक ऐकू आली की ड्राइव्ह बंद करावा, डिस्क काढावी, झडप सारून तिची बाहेरची कड भिंगाखाली पाहावी. कड फाटलेली असेल तर ती कुठेच घालू नये.

८. उघडली, आता पुढे?

फ्लॉपी उघडली की फाइली एकेक उघडून वाचत बसण्याचा मोह होतो. त्याआधी पूर्ण फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी नक्कल, हार्ड डिस्कवर घ्यावी. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम यासाठी उत्तम. तो आधी सहज वाचता येणारे भाग घेतो, अवघड जागांकडे नंतर वळतो आणि काय राहिलं याची नोंद ठेवतो. त्यामुळे राहिलेले सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हवर जाऊन वाचता येतात. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमण्याची उदाहरणं भरपूर आहेत.

यूएसबीचे बाहेरून लावायचे फ्लॉपी ड्राइव्ह सोयीचे आहेत, पण त्यांची मजल साधारण ७२० केबी आणि १.४४ एमबीच्या साडेतीन इंची फ्लॉपीपर्यंतच. अॅपल टू किंवा अमिगासारख्या कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या वेगळ्याच पद्धतीनं लिहिलेल्या असतात. त्या अशा ड्राइव्हला वाचता येत नाहीत, आणि त्या खराब आहेत असा त्याचा अर्थ नाही. त्यांच्यासाठी क्रायोफ्लक्स किंवा ग्रीसवीझल अशी छोटी उपकरणं मिळतात. ती अक्षरांचा अर्थ लावायला जात नाहीत, चकतीवरचे चुंबकीय बदलच टिपून घेतात आणि उलगडा नंतर सॉफ्टवेअरवर सोपवतात.

अॅपल टूच्या अशाच फ्लॉप्यांची एक गोष्ट आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ नव्वदच्या दशकात इथल्या कॉम्प्युटर क्लासांतही खेळला जायचा. १९८९ साली अॅपल टूसाठी तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरला स्वतःचा मूळ प्रोग्राम सापडत नव्हता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात साडेतीन इंची फ्लॉप्यांचा खोका मिळाला. मेकनरनं त्या घरी घालून पाहिल्या नाहीत. इंटरनेट अर्काइव्हचा जेसन स्कॉट आणि जुन्या अॅपलचा जाणकार टोनी डायझ यांना त्यानं बोलावलं. दोघांनी योग्य जुनी यंत्रं आणून त्या वाचल्या आणि वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेला तो प्रोग्राम जसाच्या तसा बाहेर आला.

मराठी मजकुराच्या बाबतीत शेवटची एक अडचण उरते. फाइल उघडते, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. हा फ्लॉपीचा दोष समजून अनेकांनी चांगल्या फाइली टाकून दिल्या आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी किंवा आकृतीसारखी सॉफ्टवेअर मराठी अक्षरांना स्वतःचे संकेतांक देत. ‘क’ कुठल्या क्रमांकावर ठेवायचा हे प्रत्येकाचं वेगळं. तो फॉन्ट नसेल तर कॉम्प्युटर त्याच क्रमांकाची इंग्रजी अक्षरं दाखवतो. मजकूर तिथे अखंड असतो. कुठला फॉन्ट वापरला होता हे कळलं की रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं तो युनिकोडमध्ये आणता येतो, आणि ते नाव बहुधा फाइलीच्या पोटातच लिहिलेलं असतं. वर्ड किंवा पेजमेकरची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहिली तरी त्या काल्यात फॉन्टचं इंग्रजी नाव दिसून जातं.